दर बारा मिनिटांनी

गॅलरीत खुर्च्या पाच होत्या आणि माणसे सहा. एक दुर्बीण होती, तिची डावी काच तडकलेली. दोन वह्या, तीन पेन्सिली, पाण्याचा एक जग आणि चार पेले. घड्याळे पाच: दोन मनगटांवर, एक भिंतीवर, दोन फोनमध्ये. नवाला दहा मिनिटे असताना नातीने, मोजपट्टीने, ती सगळी एकमेकांशी ताडून पाहिली, तेव्हा सर्वांत पुढचे आणि सर्वांत मागचे यांत चार मिनिटांचा फरक निघाला. सर्वांत मागचे आजोबांच्या मनगटावरचे होते.

"फोनचं धरायचं," मोजपट्टी म्हणाली.

"तीस वर्षं अख्खा डेपो या घड्याळावर चालला," आजोबा म्हणाले.

"म्हणून तर म्हणतेय ती, फोनचं धरा," आजी मटार सोलता सोलता म्हणाली.

मोजपट्टी ही या घरच्या थोरल्याची मुलगी. सातव्या वर्षी तिने घरातल्या सगळ्यांच्या पेल्यांतले दूध मोजून आपल्याला वीस मिलिलिटर कमी मिळते हे सिद्ध केले होते, तेव्हापासून हेच नाव. आता भौतिकशास्त्राची पदवी घेऊन तिला तीन महिने झाले होते आणि नाव पुसायची संधी गेली होती.

गॅलरी दुसऱ्या मजल्यावर, आणि तिच्या बरोबर खाली बसथांबा. एक खांब, वर पत्रा, बसायला काही नाही. इथे फक्त चौदा नंबरची बस थांबते. आजोबांनी हे घर घेतले ते याच थांब्यासाठी. डेपोत वेळनोंद कारकून होते तेव्हा रोज इथूनच जात.

"नियम ठरले," मोजपट्टीने वहीत रेघ मारली. "नऊ ते बारा. जाणारी बाजू. बस दिसली की वेळ बोलायची, मत बोलायचं नाही."

"मग मी काय करू?" तिच्या आत्याचा नवरा म्हणाला. तो दंतवैद्य होता. दिवसभर समोरच्याचे तोंड उघडे आणि बोलणे बंद असल्याने त्याला घरीदारी भरपूर मते साठत.

"तुम्ही पाणी ओता," त्याची बायको म्हणाली.

ती या घरची धाकटी. शहरातल्या दैनिकाची वृत्तसंपादक. आणि सगळा प्रकार तिच्यावरूनच चालू झाला होता. मंगळवारी तिच्या पहिल्या पानावर मथळा आला: चाळीस मिनिटांतून एक बस. बुधवारी मंत्र्यांनी पत्रकारांपुढे सांगितले की चौदा नंबरची बस दर बारा मिनिटांनी सुटते आणि प्रवाशाला सरासरी सहाच मिनिटे थांबावे लागते. गुरुवारी परिवहन खात्याची नोटीस वर्तमानपत्राच्या मालकांकडे पोहोचली. सोबत दुरुस्तीचा तयार मजकूर: बातमी खोटी होती, प्रवासी सहा मिनिटेच थांबतो. शब्द बदलायचा असेल तर खात्याच्या जनसंपर्क अधिकाऱ्याची मान्यता हवी. मालकांनी धाकटीला बोलावून सांगितले की शनिवारी दुपारी दोनपर्यंत दुरुस्ती पानावर लागली पाहिजे. नाही लागली तर सोमवारपासून शब्दकोड्यांचे पान बघा.

खात्याचा जनसंपर्क अधिकारी म्हणजे थोरला. तिचा सख्खा भाऊ.

"नोटीस खात्याची आहे, माझी नाही," तो शुक्रवारपासून चौथ्यांदा म्हणाला.

"सही तुझी आहे, दादा."

"सही खात्याच्या पेनानं केलीय."

आजीने एक मटार तोंडात टाकला. "लहानपणी हिची बाहुली मोडलीस तेव्हाही दार आपोआप लागलं म्हणालास."

म्हणून शनिवारी सकाळी ही मोजणी. कल्पना मोजपट्टीची. दोघांनी मान्य केली, कारण दोघांनाही आपणच जिंकणार याची खात्री होती. आजोबा खात्याच्या बाजूने होते. आजी मुलीच्या बाजूने. दंतवैद्य बायकोच्या विरुद्ध. त्याच्या मते सगळी वर्तमानपत्रे आणि वाहिन्या विकल्या गेल्या होत्या.

"मग रोज चार तास का बघता?" मोजपट्टीने विचारले.

"कुणाला विकल्या गेल्यात ते कळायला."

नऊ वाजून दोन मिनिटांनी पहिली बस आली. नऊ वाजून चार मिनिटांनी दुसरी.

थोरल्याने खुर्ची मागे टेकवली. "दोन मिनिटांत दुसरी. लिहा. आणि वर्तमानपत्राला कळवा."

"नऊ चार," मोजपट्टीने लिहिले.

थोरल्याला खरेच बरे वाटले. तीन दिवस त्याला झोप नीट लागली नव्हती. खात्यात वीस वर्षे काढल्यावर तो एक गोष्ट शिकला होता, आकडा कागदावर आला की त्याचे पुढचे काम तो स्वतःच करतो. सहाचा आकडा त्याच्या टिपणातून सचिवांकडे गेला, सचिवांकडून मंत्र्यांच्या भाषणात आणि भाषणातून सगळ्या वाहिन्यांवर. कुणीही वाटेत थांबवून तू कुठला म्हणून विचारले नाही. आता खाली दोन बस लागोपाठ गेल्या होत्या आणि आकडा खरा ठरत होता.

मग बस येईना.

सव्वानऊ झाले. थांब्यावर चार माणसे होती, ती नऊ झाली. साडेनऊला चौदा.

"नुसत्या बस काय मोजता?" आजी म्हणाली. तिने मटारांचे भांडे बाजूला ठेवले आणि दुसरी वही ओढून घेतली. "बस काय, आज ना उद्या येतेच. वाट कोण बघतंय ते लिहा. कोण कधी आलं, कधी चढलं."

मोजपट्टीने पेन्सिल थांबवली. हे तिला सुचायला हवे होते. तिने आजीच्या पानावर रकाने आखून दिले.

"पण एवढ्या लोकांना ओळखायचं कसं?" धाकटीने विचारले.

"हिरवी पिशवी, नऊ अकरा," नवापासून कोण कधी आले ते ध्यानात ठेवलेली आजी लिहू लागली. "शिडीवाला, नऊ चौदा. शिडी कुठं चढवणार हा बसमधे, देव जाणे."

"खालचा जबडा पुढे, नऊ एकोणीस," दंतवैद्य कठड्यावर वाकून म्हणाला. "त्याच्या मागची, दात आवळतेय बघा. रात्री पण आवळत असणार. हिला पट्टी बसवायला हवी."

"नोंदीत उपचार नको," मोजपट्टी म्हणाली.

"तुमचं ठीक आहे," धाकटी नवऱ्याला म्हणाली. "आता कुठल्या वाहिनीला विकली गेली ही बाई?"

"ही नाही विकली गेलेली. हिचे दात खरे आहेत." तो पुन्हा वाकला. "हिच्यासाठी तरी बस यायला पाहिजे, बुवा."

बाजू बदलण्याची ही पहिली वेळ. आजीने ती कशी लिहावी हे न कळून सोडून दिली.

नऊ एक्केचाळीसला बस आली. नऊ त्रेचाळीसला दुसरी, जवळजवळ रिकामी.

धाकटीने सुटकेचा श्वास सोडला, पण सदतीस म्हणजे चाळीस नव्हे हे तिला मोजपट्टीच्या आधी कळले होते. मथळ्यामागे काय आहे ते तिने अजून कुणाला सांगितले नव्हते. बातमीदाराने लिहून आणले होते की तो स्वतः चाळीस मिनिटे थांबला. एकदा, एका दिवशी. पान छपाईला जायला सहा मिनिटे उरली होती, मथळ्याला जागा चार शब्दांची. तिने "चाळीस मिनिटांतून एक बस" लिहिले आणि ते इतके छान बसले की पुन्हा वाचून पाहिले नाही.

नऊ अठ्ठावन्न. दहा एक. दहा तीन. दहा पाच.

चार बस, सात मिनिटांत. शेवटच्या दोघींत एकही माणूस चढले नाही, कारण चढायला कुणी उरले नव्हते.

"चार," थोरला म्हणाला, पण या वेळी खुर्ची टेकवली नाही.

 आजोबांनी दुर्बीण घेतली, चांगली काच डोळ्याला लावली आणि गेलेल्या बसकडे वळणापर्यंत पाहत राहिले.

"तासाचं घर भरताहेत," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"डेपोत तक्ता असतो. एका तासाला एक घर. बस सुटली की घरात एक दांडी मारायची. तासात पाच दांड्या झाल्या की काम पुरं. मिनिटं लिहायला जागाच नाही तिथं. मग काय होतं, चालक-वाहकांचा चहा लांबतो, एखादी बस धुवायला जाते, आणि तास संपत आला की आतला माणूस बघतो, अरे, दोनच दांड्या. मग सोडतो तिन्ही एकदम, मागच्या तासाची एखादी राहिली असेल तर तीही." त्यांनी दुर्बीण मांडीवर ठेवली. "डेपो इथून सात-आठ मिनिटांवर. नऊ एक्कावन्नला पहिली सोडली असणार, मग त्रेपन्न, पंचावन्न, सत्तावन्न. दहाच्या आत सगळ्या."

थोरला त्यांच्याकडे वळला. "अण्णा, तुम्हाला हे कसं माहीत? तुम्ही निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली."

"तक्ता माझाच आहे."

आजीची पेन्सिल थांबली.

"तुझ्या जन्माच्या वर्षी केला. आधी मिनिटामिनिटाची नोंद असायची. खिडकी एक, बस तीस, मी एकटा. चालक रांगेत ओरडत. एक दिवस म्हटलं, तासाची घरं करू. रांग संपली. साहेब खूष झाले. सगळ्या डेपोंत तोच तक्ता लावला." त्यांनी मनगट थोडे वर केले. "हे त्याचंच बक्षीस."

"आणि तुम्हीही अशाच सोडायचात? एकदम?" धाकटीने विचारले.

"कधी कधी." मग त्यांनी दुरुस्त केले. "बऱ्याचदा. तुम्ही लोक पेपरात सरकार सरकार लिहिता ना, ते म्हणजे खिडकीच्या आत बसलेला माणूस असतो, बाई. त्याला समोरची रांग दिसते. थांब्यावरची दिसत नाही. मी रोज या थांब्यावरून गेलो, पण मला डेपोची गाडी न्यायला यायची."

"बघा," आजी म्हणाली. "मी चाळीस वर्षं विचारत होते की बाजारातून यायला मला एवढा वेळ का लागतो. म्हणायचे, तू गप्पा मारतेस."

दंतवैद्य हसला आणि सासऱ्याचा चेहरा पाहून पाणी ओतू लागला.

मोजपट्टी मात्र आकड्यांकडे बघत होती. तासाला पाच बस, म्हणजे बारा मिनिटांना एक. खात्याचे खरे ठरणार होते. मग सहा चुकले कुठे? आणि तेव्हा तिला आठवले. महिन्यापूर्वी बाबांचा फोन आला होता. ती दात घासत होती.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही मला फोनवर विचारलं होतंत. दर बारा मिनिटांनी बस असेल तर सरासरी किती थांबावं लागेल."

"हो."

"मी सहा म्हटलं."

"हो."

"मंत्र्यांचं सहा ते हेच?"

थोरल्याने पाण्याचा पेला उचलला आणि पुन्हा ठेवला. "मी विचारलं कारण तू शास्त्र शिकलीस. मी टिपणात तज्ज्ञांच्या मते असं लिहिलं."

"मी तोंडात ब्रश धरून बोलत होते."

"टिपणात ब्रश आला नाही."

"सहा तेव्हाच, जेव्हा बस सारख्या अंतरानं येतात. एकदम चार आल्या आणि मग चाळीस मिनिटं काहीच नाही, तर बहुतेक लोक त्या चाळीसमध्येच येणार ना. मोकळी जागा तिथंच जास्त आहे." ती वहीवर बोट आपटत होती. "मी तुम्हाला विचारायला हवं होतं. सारख्या अंतरानं येतात का, एवढंच."

"आणि मी तुला सांगायला हवं होतं की मला माहीत नाही," थोरला म्हणाला.

 मग धाकटीने घसा साफ केला आणि मथळ्याची गोष्ट सांगितली. चार शब्दांची जागा, सहा मिनिटे, एकच बातमीदार. शेवटी म्हणाली, "म्हणजे आपल्या घरात कुणीच काही मोजलं नव्हतं."

"मी मटार मोजलेत," आजी म्हणाली. "पण ते कुणी छापत नाही."

दहा चव्वेचाळीसला बस आली, सत्तेचाळीसला दुसरी. दहा एकोणसाठ, अकरा दोन, अकरा पाच. अकरा पाचला तेरावी. त्यानंतर रस्ता रिकामा झाला. अकरा वाजून दहा मिनिटांनी थोरला उठला आणि चपला घालू लागला.

"कुठे?"

"खाली. वरून सगळे टाचणीएवढे दिसतात."

"तुम्हाला मोजणार नाही हं," मोजपट्टी म्हणाली. "तुम्ही प्रवासी नाही."

थांब्याच्या पत्र्याखाली ऊन जरा कमी होते. तो खांबाशी उभा राहिला. वरून सहा मिनिटांत काय होते आणि खाली काय होते यात फरक असा पडतो, की खाली पाय दुखू लागतात. चौदाव्या मिनिटाला त्याने वजन उजव्या पायावर घेतले. शेजारी एक परिचारिका उभी होती, पांढऱ्या गणवेशावर निळा कोट. रात्रपाळी करून निघालेली.

"बसचं काही कळतं का हो?" त्याने विचारले.

"पेपरात चाळीस मिनिटं लिहिलंय," ती म्हणाली. "मंत्री म्हणतात सहा. मी दोघांच्या मधलं धरते. तेवीस."

"आणि येते तेवीसला?"

"कधीच नाही. पण कुणावर तरी विश्वास ठेवण्यापेक्षा भागाकार बरा."

तो हसला. आपण कोण आहोत हे सांगावे असे त्याला वाटले, आणि मग सांगून ती काय करेल तेही दिसले.  साडेअकरा झाले. तिने रस्त्याच्या टोकाकडे पाहिले, कोट काढून हातावर घेतला.

"किती लांब जायचंय?" त्याने विचारले.

"चालत पन्नास मिनिटं. आधीच निघाले असते तर अर्ध्यात असते. रोज हेच म्हणते आणि रोज थांबते." ती चालू लागली. काही पावलांवर तिने वळून पाहिले, बससाठी, त्याच्यासाठी नाही.

सोळा मिनिटांनी बस आली. अकरा सेहेचाळीस. थोरला चढला नाही. पंधरावी अकरा सत्तावन्नला आली, तेव्हा तो जिना चढत होता.

बारानंतर सगळे जेवणाच्या टेबलाभोवती बसले, पण ताटे घ्यायला कुणी उठले नाही. मोजपट्टी बेरीज करत होती. दंतवैद्य तिला नोंदी वाचून दाखवत होता आणि आजीच्या अक्षरावरून तिच्याशी भांडत होता. धाकटीने घड्याळ पाहिले. दीड तास उरला होता. शब्दकोडी तशी वाईट नसतात, तिने स्वतःला सांगितले. आडवे, उभे. कुणी नोटीस पाठवत नाही.

"बसमध्ये चढले एकशे चार जण," मोजपट्टी म्हणाली. "सगळ्यांचं मिळून पंधराशे साठ मिनिटं. सरासरी पंधरा."

"सहाही नाही, चाळीसही नाही," आजोबा म्हणाले.

"आणि हे?" आजीने आपल्या वहीचे शेवटचे पान फिरवून पुढे केले. तिथे काही माणसांची वेगळी यादी होती. त्यांच्यापुढे येण्याची वेळ होती, चढण्याची नव्हती. "वाट बघून कंटाळले आणि चालत गेले."

"ते सरासरीत घेता येत नाहीत," मोजपट्टी म्हणाली. "ते शेवटपर्यंत थांबले असते तर किती थांबले असते हे आपल्याला माहीत नाही."

"खात्याच्या व्याख्येतही बसत नाहीत," थोरला सवयीने म्हणाला. "प्रवासी म्हणजे ज्यानं तिकीट काढलं तो."

"दादा."

"मी व्याख्या सांगतोय." त्याने वही आपल्याकडे ओढली. यादीतली शेवटून तिसरी नोंद होती: निळा कोट, अकरा सात. पुढचा रकाना कोरा. तो बराच वेळ त्या रकान्याकडे पाहत राहिला. "वेगळ्या ओळीत घाल," तो म्हणाला.

"कशात?"

"दुरुस्तीत. मजकूर बदलायला माझी मान्यता लागते ना. लिही, मी सांगतो. आधी तुझं चाळीस. मग आमचं सहा. मोजलेलं नव्हतं असं लिही. चुकीचं होतं असं नको, ते सचिवांना वाचता येणार नाही."

"आणि मोजलेलं नव्हतं हे वाचता येईल?"

"दोन वेळा वाचावं लागेल."

धाकटीने पेन उघडले नाही. "सोमवारी तुला बोलावतील."

"बोलावतील. टिपणात तज्ज्ञ कोण ते विचारतील."

"माझं नाव सांगा," मोजपट्टी म्हणाली.

"तुझं नाही. मीच भागाकार केला म्हणेन. तसा मीच केलाय, फोनवरून."

"तक्त्याचं विचारलं तर मला घेऊन जा," आजोबा म्हणाले. "मी खिडकीच्या बाहेर उभा राहून बोलेन. कसं वाटतं ते बघायचंय."

"तुझं नाव छापू?" धाकटीने भावाला विचारले.

"पद छाप. नावाला कोण विचारतंय."

तिने लिहून काढले, एकदा वाचले, आणि मग दुसऱ्यांदा वाचले. थोरल्याने खाली सही केली. एक वाजून अठ्ठावीस मिनिटांनी तिने कार्यालयात फोन लावला आणि मजकूर शब्दाशब्दाने सांगितला. रविवारच्या अंकात तो पहिल्या पानावर, खाली उजव्या कोपऱ्यात, चौकटीत आला.

दुरुस्ती. चौदा नंबरच्या बसबद्दल मंगळवारी आम्ही छापलेला चाळीस मिनिटांचा आकडा बरोबर नव्हता. बुधवारी जाहीर केलेला सहा मिनिटांचा आकडा मोजलेला नव्हता, असे परिवहन खात्याच्या जनसंपर्क अधिकाऱ्यांनी कळवले आहे. शनिवारी सकाळी नऊ ते बारा या वेळेत एका थांब्यावर प्रत्यक्ष मोजणी करण्यात आली. आलेल्या बस: पंधरा. चढलेले प्रवासी: एकशे चार. सरासरी थांबणे: पंधरा मिनिटे. वाट पाहून चालत गेलेले: अकरा.